पश्चिमेकडचा उजेड

फाल्गुन अमावस्येच्या मागेपुढे, सूर्य मावळून दीडेक तास झाला की पश्चिम क्षितिजावर एक फिकट, निमुळता प्रकाशपट्टा उभा दिसायला हवा. तळाशी रुंद, वर जाताना अरुंद होत कृत्तिकांच्या दिशेने गेलेला. हा संधिप्रकाश नव्हे. ग्रह सूर्याभोवती ज्या प्रतलात फिरतात त्याच प्रतलात धूमकेतूंनी आणि लघुग्रहांनी मागे टाकलेली बारीक धूळ पसरलेली आहे. तिच्यावर पडलेले ऊन विखरून आपल्यापर्यंत येते, त्याला राशिचक्र प्रकाश म्हणतात. भंडारा २१ अक्षांशावर आहे. इथे वसंताच्या तोंडावर संध्याकाळी क्रांतिवृत्त, म्हणजे त्या प्रतलाची आकाशातली रेषा, पश्चिम क्षितिजावर जवळजवळ ताठ उभे असते, त्यामुळे हा पट्टा पाहायला याहून सोयीची जागा आणि ऋतू शोधून सापडणार नाही.

तरीही भंडारा शहरातून तो दिसत नाही. पश्चिमेला साधारण ६० किलोमीटरवर नागपूर आहे. २०११च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या २४ लाख होती. तिथल्या दिव्यांचा घुमट नेमका त्याच क्षितिजावर उभा असतो आणि हा फिकट पट्टा त्यात विरघळून जातो. सहा-सात महिन्यांनी, आश्विनात, हाच प्रकाश पहाटे पूर्वेला उगवतो. त्या बाजूला लाखनी, साकोली आणि त्यांच्या पलीकडे नागझिऱ्याचे जंगल. शहरापासून जरा दूर गेले की तिकडे तो ओळखू येण्याची आशा असते. धूळ तीच, सूर्य तोच, पाहणाराही तोच. फरक दिव्यांचा आहे.

भंडारा जिल्ह्याचा नकाशा आकाशनिरीक्षकाने असाच वाचायला हवा: कोणते गाव कोणत्या ताऱ्याखाली येते, हे पाहून. तुमसर भंडाऱ्याच्या उत्तरेला आहे. म्हणजे तुमसरच्या माणसासाठी वरठी आणि भंडाऱ्याचा उजेड दक्षिण क्षितिजावर येतो, आणि आपल्या आकाशातला सर्वांत नाजूक खजिना तिथेच आहे. अगस्त्य हा रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा या जिल्ह्यातून फार तर १६ अंश वर चढतो. त्रिशंकूचा सर्वांत तेजस्वी तारा मे महिन्यात क्षितिजापासून जेमतेम सहा अंशांवर येतो. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ २१ अंशांवर येतो. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांना तो घरून कधीच दिसत नाही, त्यासाठी ते विमानाने दक्षिणेला जातात. आपल्याला तो घराच्या गच्चीवरून मिळण्यासारखा आहे, आणि एखाद्या चौकातल्या दिव्यांमुळे आपण तो घालवतो. पवनीच्या माणसाचे उलट आहे. त्याच्यासाठी भंडारा उत्तरेला येतो, ध्रुवाच्या खाली. ध्रुव इथून २१ अंशांवरच असतो. तो स्वतः तेजस्वी असल्याने टिकतो, पण ध्रुवमत्स्यातले मधले चार फिकट तारे टिकत नाहीत.

आता दिव्यांकडे वळू. रस्त्यावरचा दिवा आकाश उजळवतो तो दोन वाटांनी. काही प्रकाश दिव्यातून थेट वर किंवा आडवा जातो, काही रस्त्यावर आणि भिंतींवर आपटून वर परततो. हवेतले रेणू आणि धूलिकण त्याला चहूकडे विखुरतात, आणि त्यातला काही भाग पुन्हा आपल्या डोळ्यांत येतो. रेणूंचे विखुरणे तरंगलांबीवर फार अवलंबून असते. तरंगलांबी जितकी कमी तितके विखुरणे जास्त, तेही चौथ्या घाताने. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. पांढऱ्या एलईडीतला निळा भाग ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. गणित केले तर तो निळा प्रकाश पिवळ्याच्या जवळजवळ तिप्पट विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते ते ज्या नियमाने, त्याच नियमाने रात्रीचे आकाश पांढुरके होते.

आपल्या शहरांनी दिव्यांच्या बऱ्याच पिढ्या पाहिल्या. पिवळे बल्ब गेले, ट्यूबलाइट आल्या, मग हिरवट-निळसर पाऱ्याचे दिवे आणि त्यांच्यानंतर नारिंगी-पिवळे सोडियमचे. गेल्या दहा वर्षांत एलईडीने या सगळ्यांना बाजूला केले. केंद्र सरकारचा राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाला. १ कोटी ३४ लाख जुने पथदिवे बदलण्याचे उद्दिष्ट होते. वीज वाचवणे हा त्याचा हेतू, आणि तो योग्यच होता. एलईडी तेवढाच प्रकाश निम्म्या विजेत देते, वारंवार बदलावी लागत नाही आणि तिच्यात पारा नसतो. निळी एलईडी शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना, २०१४चे नोबेल मिळाले ते या विजेच्या बचतीसाठीच. दुर्बीण असणाऱ्या माणसाने एलईडीला शत्रू मानणे मला पटत नाही. भांडण दिव्याच्या रंगाशी, दिशेशी आणि वेळेशी आहे.

रंगाचे आधी पाहू, कारण हौशी निरीक्षकांना पहिला धक्का तिथे बसला. सोडियमच्या काळात शहरातल्या निरीक्षकाकडे एक हत्यार होते. सोडियमचा बराचसा प्रकाश वर्णपटाच्या पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात एकवटलेला असतो आणि पाऱ्याचा प्रकाश ठरावीक रेषांमध्ये. नेत्रिकेवर एक गाळणी बसवून हे पट्टे अडवले, की मृग तारकासमूहातला तेजोमेघ शहरातही उठून दिसे, कारण त्याचा स्वतःचा प्रकाश ५०१ आणि ४८६ नॅनोमीटरच्या रेषांत येतो. पांढऱ्या एलईडीत मात्र एक निळी चकती आणि तिच्यावर पिवळ्या भुकटीचा थर असतो, आणि दोन्ही मिळून जवळजवळ सगळा दृश्य वर्णपट भरून काढतात. आता काय अडवायचे? जे अडवाल त्याच्यासोबत ताऱ्यांचा प्रकाशही जातो. फक्त तेजोमेघाची रेषाच आत येऊ देणाऱ्या अतिशय अरुंद गाळण्या कॅमेऱ्याला अजून उपयोगी पडतात. डोळा लावून पाहणाऱ्याला, आणि दीर्घिका पाहणाऱ्याला तर मुळीच, त्यांचा फारसा आधार नाही. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, त्यांचाही प्रकाश सगळ्या वर्णपटावर पसरलेला.

दुसरी गोष्ट डोळ्याची. अंधारात डोळा सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. त्या काळात दृष्टिपटलावरच्या दंडपेशी जाग्या होतात, आणि त्यांची संवेदनशीलता ५०७ नॅनोमीटरच्या हिरवट-निळ्या प्रकाशाला सर्वाधिक असते. सोडियमच्या पिवळ्याकडे त्या फारसे लक्ष देत नाहीत, एलईडीच्या निळ्या-पांढऱ्याकडे देतात. म्हणून रस्त्यावर मोजून तेवढाच प्रकाश ठेवला, तरी अंधाराला सरावलेल्या डोळ्याला सोडियमऐवजी थंड पांढऱ्या एलईडीखालचे शहराजवळचे आकाश दुपटीच्या आसपास उजळ दिसू शकते. अभियंत्याचा मापक सांगतो की काहीच बदलले नाही. गच्चीवरचा माणूस सांगतो की आकाश गेले. दोघेही खरे बोलत असतात.

हीच अडचण वरून पाहणाऱ्यालाही आहे. रात्रीच्या पृथ्वीची ती सुंदर छायाचित्रे घेणारा व्हीआयआयआरएस हा उपग्रहावरचा संवेदक साधारण ५०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश पाहतच नाही. एखाद्या शहराने सोडियम काढून पांढरी एलईडी लावली, तर उपग्रहाच्या आकडेवारीत ते शहर काळवंडलेले दिसू शकते, आणि प्रत्यक्षात तिथले तारे कमी झालेले असतात. म्हणून २०२३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात क्रिस्टोफर कायबा आणि सहकाऱ्यांनी जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी उपग्रह बाजूला ठेवले आणि जगभरच्या सामान्य लोकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदी घेतल्या. निष्कर्ष असा, की रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. एखाद्या मुलाच्या जन्मावेळी तिथून २५० तारे दिसत असतील, तर ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच उरतील. महागडी उपकरणे जे सांगू शकली नाहीत ते हौशी माणसांनी सांगितले.

भंडाऱ्यात कोणाशीही या विषयावर बोलले, की बोट नागपूरकडे जाते. ते अर्धेच खरे आहे, आणि हे तपासायला एक जुने सूत्र हाताशी आहे. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे मर्ल वॉकर यांनी १९७०च्या दशकात तिथल्या शहरांचा उजेड मोजून ते मांडले. शहराची लोकसंख्या घ्या, तिला शंभराने भागा, आणि आलेल्या संख्येला अंतराच्या अडीचाव्या घाताने भागा. उत्तर सांगते, की त्या शहराच्या दिशेला, क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध, नैसर्गिक आकाशाच्या किती पट जादा उजेड असेल. नागपूरचे २४ लाख आणि ६० किलोमीटर घातले तर उत्तर सुमारे ०.८६ येते, म्हणजे नैसर्गिक आकाशात सुमारे ८५ टक्क्यांची भर. भंडारा शहराची २०११ची लोकसंख्या ९२ हजारांच्या आत होती. शहरापासून १० किलोमीटरवरच्या गावासाठी उत्तर येते २.९, जवळजवळ तिप्पट भर. २० किलोमीटरवर ती नैसर्गिक आकाशाच्या निम्म्यावर येते आणि ३० किलोमीटरवर त्याच्या पाचव्या हिश्श्यावर.

वॉकर यांचे दिवे वेगळे होते, त्यांची हवा वेगळी होती आणि अमेरिकेत माणशी दिवेही आपल्यापेक्षा जास्त होते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे मोजमाप म्हणून घेऊ नयेत. गुणोत्तर मात्र घ्यावे. अंतर दुप्पट झाले की उजेड साडेपाच पटींनी घटतो. याचा सरळ अर्थ, भंडाऱ्याच्या दहा-बारा किलोमीटरच्या परिघातल्या गावांचे आकाश नागपूरने जितके बिघडवले त्याहून जास्त भंडाऱ्याने बिघडवले आहे. त्यात निळा प्रकाश वाटेतच लवकर विखरून संपतो, म्हणून दूरच्या शहराच्या घुमटात निळा भाग कमी उरतो. थंड पांढऱ्या एलईडीचा सर्वांत मोठा तोटा ती ज्या गावात लावली त्याच गावाला होतो. नागपूरचा उजेड भंडारा नगरपालिकेच्या हातात नाही. स्वतःचा आहे.

दुर्बीण मोठी घेतली तर काय होईल, हा प्रश्न नेहमी येतो, विशेषतः पालकांकडून, कारण पैसे त्यांना मोजायचे असतात. उत्तर कशाकडे पाहायचे यावर अवलंबून आहे. चंद्र, गुरूचे उपग्रह, शनीची कडी, जोडतारे हे सगळे गांधी चौकात उभे राहूनही दिसते. तारा हा बिंदू असतो. वर्धन वाढवले की मागचे आकाश पसरून फिके पडते आणि ताऱ्याचा बिंदू बिंदूच राहतो. म्हणून शहरात मोठ्या दुर्बिणीतून जास्त तारे नक्कीच दिसतात. रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता मोजणे, चंद्राआड जाणाऱ्या ताऱ्याची वेळ नोंदवणे, ही शास्त्राला खरोखर उपयोगी पडणारी कामे शहरातल्या गच्चीवरून होतात. पण दीर्घिका आणि तेजोमेघ पसरट असतात. वर्धन वाढवले की आकाश जितके फिके पडते तितकेच तेही फिके पडतात आणि दोघांतला फरक तसाच राहतो. सहा इंचाऐवजी बारा इंचाची दुर्बीण आणली तरी शहराच्या उजळ आकाशात देवयानी दीर्घिकेचा फक्त गाभाच दिसतो. तीच दीर्घिका गडद आकाशाखाली साध्या १० बाय ५० च्या द्विनेत्रीतून चंद्राच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब पसरलेली दिसते. तिथून निघालेला प्रकाश २५ लाख वर्षे चालत आलेला आहे. जिल्ह्यातल्या शाळेला दुर्बिणीसाठी मोठी रक्कम मिळत असेल तर मी सुचवेन, की निम्म्या पैशांत द्विनेत्री घ्याव्यात आणि उरलेल्या पैशांत मुलांना रात्री शहराबाहेर नेणारी बस ठरवावी.

महाराष्ट्रातल्या हौशी निरीक्षकांनी हा मार्ग केव्हाच धरला. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली, ती देशातली सर्वांत जुनी हौशी खगोलसंस्था. मुंबईच्या खगोल मंडळाने १९८५पासून शहरवासीयांना लोकलने वांगणीला नेऊन रात्रभर आकाश दाखवले. पुण्याची आयुका ही संस्थाही आपली दोन मीटरची दुर्बीण पुण्यात ठेवू शकली नाही, ती जुन्नरजवळच्या गिरावलीच्या डोंगरावर बसवावी लागली. शहर वाढते तशी निरीक्षणाची जागा पुढे सरकते. भंडाऱ्याच्या माणसाला अजून फार दूर जावे लागत नाही. कोका अभयारण्य शहरापासून जवळ आहे. २०१३ साली घोषित झालेले हे जंगल नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे रात्री आत जाता येत नाही आणि जाऊही नये. पण जंगल स्वतः दिवे लावत नाही, म्हणून त्याच्या कडेच्या गावांवर अजून अंधार टिकून आहे.

तो टिकणार का, हे मात्र हायमास्टवर ठरेल. आज आपल्या ग्रामीण आकाशाचे सर्वांत मोठे नुकसान शहराच्या पथदिव्यांपेक्षा या दिव्यांनी होते असे माझे स्पष्ट मत आहे. चौकात एक उंच खांब, त्यावर चारी दिशांना तोंड केलेले पांढरे झोत, आणि बहुतेक ठिकाणी ते खाली न वाकवता तिरपे बसवलेले. लोकांना तो खांब हवा असतो यात काही चूक नाही. धानाच्या बांधावरून येताना सापाची भीती असते, जंगलाकडेच्या गावांत अस्वलाची आणि बिबट्याची. बायकांना, रात्रपाळीच्या कामगारांना उजेड हवाच. पण तिरपा झोत पायाखाली कमी पडतो आणि डोळ्यांत जास्त जातो. बाहुली आकसते, आणि झोताच्या पलीकडच्या अंधारात काय आहे ते दिसेनासे होते. खांबाखाली उभा असलेला माणूस गोठ्यामागचा प्राणी पाहू शकत नाही. प्रकाश पूर्ण खाली वळवलेला, वरून झाकलेला आणि उबदार रंगाचा असेल, तर कमी वॉटमध्ये रस्ता जास्त स्पष्ट दिसतो. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड जेमतेम ०.२ लक्स असतो. आयएस १९४४ या भारतीय मानकात मुख्य रस्त्यासाठी ३० लक्स आणि कमी रहदारीच्या लहान रस्त्यासाठी ४ लक्स सांगितले आहेत. लहान गल्लीतही आपण चांदण्याच्या वीसपट प्रकाश देतो. कमी आहे ती दिशा.

धानाच्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. भाताच्या अनेक जुन्या जाती दिवस लहान होऊ लागला की फुलोऱ्यावर येतात. शेताच्या कडेला रात्रभर दिवा जळत राहिला, तर त्या पट्ट्यातले पीक निसवायला उशीर लावते. आशियातल्या भातशेतीत हे पाहिले गेले आहे. खोडकिड्याचे पतंग आणि तुडतुडे प्रकाशाकडे ओढले जातात, म्हणून तर कृषी विभाग प्रकाश सापळे लावायला सांगतो. सापळ्यातल्या दिव्याखाली किडी मरतात, रस्त्यावरच्या दिव्याखाली नुसत्या जमतात. तारे पाहणारे गावात दोन-चार असतील, धान पिकवणारे सगळे आहेत. ग्रामसभेत हा विषय मांडायचा असेल तर तो इथून मांडावा.

पथदिवे नीट लावले तर काय होते याचे एक मोजलेले उदाहरण अमेरिकेतल्या टूसॉन शहराचे आहे. तिथे जवळच किट पीक वेधशाळा आहे, त्यामुळे दिव्यांबाबत शहर पहिल्यापासून सावध. २०१६-१७च्या सुमारास त्यांनी सुमारे १८ हजार सोडियम दिवे काढून एलईडी लावली, पण ३००० केल्विनची, म्हणजे उबदार रंगाची, वरून पूर्ण झाकलेली आणि रात्र चढली की मंद होणारी. रस्त्यांवर ओतला जाणारा एकूण प्रकाश साठ टक्क्यांहून अधिक घटवला. आकाश ७ टक्क्यांनी गडद झाले. पांढऱ्या एलईडीने आकाश गडद होऊ शकते, ही त्यातली चांगली बातमी. सातच टक्के का, याचे उत्तर २०१९ साली मिळाले. काही रात्री दिवे मुद्दाम कमी-जास्त करून उपग्रहाने मोजले, तेव्हा मध्यरात्रीनंतर शहराच्या एकूण उजेडात पथदिव्यांचा वाटा फक्त १३ टक्के निघाला. बाकीचा उजेड दुकानांच्या पाट्या, वाहनतळ, मैदाने, कारखाने, घरांच्या भिंतींवरचे झोत यांचा. आपल्याकडे यात मंगल कार्यालये आणि महामार्गावरचे ढाबे जोडा. तरी पथदिवे महत्त्वाचे, कारण ते सार्वजनिक पैशाचे असतात आणि एका निर्णयाने सगळे बदलता येतात. दुकानदाराला सांगायचे तर आधी नगरपालिकेचा दिवा नीट हवा.

याहून जवळचे उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यात आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेकडून ‘डार्क स्काय पार्क’ ही मान्यता मिळाली. भारतातले पहिले आणि आशियातले पाचवे. त्याआधी २०२२ साली लडाखमधल्या हानले वेधशाळेभोवतीचा परिसर गडद आकाशासाठी राखीव घोषित झाला होता, पण हानले साडेचार हजार मीटरवरचे थंड वाळवंट. पेंच आपल्यासारखाच सागवानाचा आणि धानाचा मुलूख. तिथे वन विभागाने सिल्लारीजवळ निरीक्षणासाठी मनोरा आणि दुर्बीण उभारली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड करणारे लावले. खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून झाला. ही गावे वाघांच्या जंगलाला लागून आहेत. तिथे दिवे विझवले नाहीत, वळवले. अशीच नियोजन समिती आणि असाच निधी भंडारा जिल्ह्यातही आहे.

एलईडीचे आयुष्य उत्पादक ५० हजार तासांच्या आसपास सांगतात. रात्री साडेअकरा तास जळणारा दिवा म्हणजे जवळपास बारा वर्षे. आज निविदेत जो दिवा लिहिला जाईल तो आज पहिलीत असलेल्या मुलाच्या बारावीपर्यंत त्या खांबावर राहील. म्हणून आकाश वाचवण्याची खरी वेळ दिवे बदलण्याच्या आधीची, निविदा लिहिली जात असतानाची. त्यात चार ओळी लागतात: रंग २७०० केल्विन, फार तर ३०००, दिवा आडव्या रेषेच्या वर शून्य प्रकाश टाकणारा, खांबावर तो तिरपा न बसवण्याची अट, आणि रात्री अकरानंतर निम्मा उजेड. शेवटच्या अटीसाठी नवे यंत्र लागेलच असे नाही. पथदिव्यांच्या योजनांत बसवलेल्या केंद्रीय नियंत्रण पेट्यांना वेळापत्रक देता येते. हवा आणि पाणी यांच्या प्रदूषणासाठी देशात कायदे आहेत, प्रकाशासाठी तसा वेगळा कायदा नाही. तो येईपर्यंत निविदेतली ओळ हाच कायदा समजून काम करावे लागेल.

आणि आकाशाची नोंद हवी. नाहीतर बारा वर्षांनी काय गेले हे सांगायलाही कोणी उरणार नाही. गणेश हलकारे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांमधून त्यांचे ताऱ्यांचे ज्ञान गोळा केले आणि २०१३ साली प्रसिद्ध केले. सप्तर्षीचा चौकोन ही म्हातारीची खाट आणि शेपटीचे तीन तारे ते खाट पळवणारे चोर, ही त्यांतली एक कथा. ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती अंगणातून रोज दिसत होती म्हणून. मृग, पुष्य, आश्लेषा ही नावे पावसाच्या नक्षत्रांमुळे आजही प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. पण पुष्य नक्षत्रातले तारे चौथ्या-पाचव्या प्रतीचे (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिका). शहरातल्या मुलाला ते दाखवायचे म्हटले तर तिथे रिकामे आकाश दिसते.

नोंदीसाठी कृत्तिका पुरेशा आहेत. या पुंजक्यातला सर्वांत तेजस्वी तारा २.९ प्रतीचा, मग ३.६, ३.७, ३.९, ४.२ आणि ४.३ असे पाच, पुढचे दोन ५.१ आणि ५.५ प्रतीचे. तीन-चार मोजता आले तर तुमचे आकाश साधारण चौथ्या प्रतीला थांबते. सहा दिसले तर ते बरे आहे. सात-आठ दिसले तर जागा सांभाळून ठेवावी. मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांत, अमावस्येच्या आसपास, कृत्तिका डोक्यावर असताना, वीस मिनिटे दिव्यापासून दूर बसून मोजावे. एकट्याने मोजू नये, पाच-सहा मुलांनी एकमेकांना न सांगता मोजून मधली संख्या घ्यावी. तारीख, वेळ, गाव, ढग किंवा धुके होते का, आणि जवळचा दिवा कोणत्या रंगाचा व किती अंतरावर, हे वहीत लिहावे. पाऊस संपल्यावर हवा धुतलेली असते आणि धानाच्या काढणीनंतर धूर व धूळ वाढते, म्हणून दरवर्षी त्याच महिन्यातल्या नोंदी एकमेकींशी ताडाव्यात. ‘ग्लोब ॲट नाइट’ हा २००६पासून चालणारा उपक्रम अशाच नोंदी जगभरातून घेतो, त्यात त्या भरता येतील. एक प्रत नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या विद्युत विभागाकडे द्यावी, गावात नवे दिवे बसण्याच्या आधीच्या हिवाळ्यातली एक आणि नंतरच्या हिवाळ्यातली एक.